विचारा की : घंटी वाजली, पण कुलूप लागलंच नाही

या वेळी पत्रांच्या ढिगातून तीन काढलीत कारण तिघांचं रडगाणं एकच आहे, सगळं ऑटोमॅटिक करून ठेवलं होतं आणि ऐन वेळी ते चाललं नाही, नाहीतर नको तिथं चाललं. प्रिंटरवाले मालक, तुमचा नंबर पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार सर. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो, आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटाच. आमचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजनमध्ये (म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत) ईसीटू मशीनवर (भाड्याच्या सर्व्हरवर) आहे. गार्डड्यूटी (संशयास्पद हालचाल हेरणारी सेवा) चालू केलंय, हाय सिव्हिरिटीचं फाइंडिंग (गंभीर इशारा) आलं की इव्हेंटब्रिजनं (निरोप पोचवणारी सेवा) लॅम्डाला (निरोप आला की चालणारा छोटा प्रोग्राम) उठवायचं आणि लॅम्डानं ती मशीन क्वारंटाइनच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीननं कुणाशी बोलायचं ते ठरवणारे नियम) टाकायची असं जोडलंय. गेल्या महिन्यात पहाटे बिटकॉइन मायनिंगचं (कुणीतरी आपली मशीन बिटकॉइन कमवायला राबवतंय असं) फाइंडिंग आलं, सकाळी जाऊन बघतो तर मशीन जिथल्या तिथं आणि सीपीयू शंभर टक्के. सँपल फाइंडिंग टाकून टेस्ट केलं होतं, तेव्हा लॅम्डा चालला होता. शेठ विचारतायत की एवढा खर्च कशाला केला मग?

उत्तर : शेठना सांगा, घंटी बरोबर वाजली, घंटी ऐकून उठलेल्या माणसाकडे कुलपाची किल्लीच नव्हती. तुम्ही सोबत लॅम्डाच्या लॉगचा फोटो पाठवलाय ते फार बरं केलंत, त्यात सगळी कहाणी आहे. एकच एरर तीन वेळा आलीय, पहिल्यानंतर साधारण मिनिटानं दुसरी, त्यानंतर दोनेक मिनिटांनी तिसरी. इव्हेंटब्रिज लॅम्डाला असिंक पद्धतीनं (उत्तराची वाट न बघता) उठवतं आणि लॅम्डा आपटला की तो स्वतःहून अजून दोनदा प्रयत्न करतो, मग गप्प बसतो, कुणाला काही सांगत नाही. आणि एरर आहे अनऑथोराइज्ड ऑपरेशन. म्हणजे इव्हेंट आला, रूल जुळला, लॅम्डा उठला, मशीनपण त्याला सापडली, पण तिचा सिक्युरिटी ग्रुप बदलायची परवानगी त्याच्या आयएएम रोलमध्ये (कुणाला काय करता येईल ते ठरवणारी ओळख) दिलेलीच नाही.

मग टेस्टला हे का नाही कळलं? कारण सँपल फाइंडिंगमध्ये मशीनचा आयडी खोटा असतो, आय-९९९९९९९९ असला काहीतरी, तशी मशीन जगात नसते. तुमचा लॅम्डा उठला, मशीन शोधली, सापडली नाही म्हणून तिथंच मेला, परवानगीच्या दारापर्यंत गेलाच नाही. तुम्ही इन्व्होकेशनचा (लॅम्डा किती वेळा उठला त्याचा) आकडा एकनं वाढलेला बघितला आणि चहाला गेलात, लॉग उघडलाच नाही. लाजू नका, मीपण एकदा अस्संच केलंय आणि वर साहेबांना डेमोपण दिलाय.

आता नीट टेस्ट कशी करायची ते सांगतो. एक छोटी फालतू मशीन उभी करा, सँपल फाइंडिंगचा जेएसओएन (त्याचा मजकूर) घ्या, त्यात आयडीच्या जागी या मशीनचा खरा आयडी टाका आणि तो लॅम्डाला टेस्ट इव्हेंट म्हणून द्या. त्याआधी त्या मशीनवर एक एसएसएच सेशन (दुरून केलेलं लॉगिन) उघडून ठेवा, त्यात काहीतरी सतत छापत राहील असं लावा. लॅम्डा चालला की ग्रुप बदललेला दिसेल, नवीन एसएसएच लागणार नाही, पण बघा, आधी उघडलेलं सेशन बहुतेक वेळा तसंच चालू! इथं भले भले फसतात. सिक्युरिटी ग्रुप सहसा आधीच जुळलेली कनेक्शन्स लक्षात ठेवतो आणि ग्रुप बदलला तरी ती लगेच तोडत नाही, म्हणजे तुमचा मायनर (बिटकॉइन कमवणारा प्रोग्राम) त्याच्या पूलशी (बाहेरच्या सामायिक सर्व्हरशी) बोलतच राहिला असता, परवानगी असती तरीसुद्धा. ते तोडायला नेटवर्क एसीएलमध्ये (नेटवर्कच्या दारावरची कुणाला आत-बाहेर सोडायचं ती यादी) त्या बाहेरच्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) डिनाय टाकावा लागतो, एसीएल काही लक्षात ठेवत नाही, प्रत्येक पॅकेट नव्यानं तपासतो. फक्त एसीएल अख्ख्या सबनेटला (नेटवर्कच्या तुकड्याला) लागतो म्हणून नेमका तेवढाच आयपी द्या, नाहीतर शेजारच्या मशीनी पण झोपतील.

अजून दोन गोष्टी पटकन. परवानगी दिल्यावर जर तुम्ही तेच फाइंडिंग परत येईल म्हणून वाट बघत बसला असाल तर बसूनच राहाल, एकाच फाइंडिंगच्या पुढच्या घटनांचे इव्हेंट गार्डड्यूटी डिफॉल्टनं ६ तासांनी पाठवतं, सेटिंगमध्ये ते १५ मिनिटांवर आणता येतं. आणि लॅम्डाला फेल्युअर डेस्टिनेशन (आपटल्याचा निरोप कुठं जायचा तो पत्ता) लावून टाका म्हणजे तिसऱ्यांदा आपटला की निदान तुमच्या मोबाइलवर मेसेज तरी येईल.

मशीन लगेच डिलीट करू नका मात्र, आधी डिस्कचा स्नॅपशॉट (हुबेहूब प्रत) घ्या. आणि सीईआरटी-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, असली घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. एकटा आयटीवाला असला तरी हे आहेच, शेठना हेपण सांगा, पुढच्या वेळी खर्चाबद्दल जरा कमी बोलतील.

प्रश्न : सर नमस्कार, मी एका पतसंस्थेत सॉफ्टवेअरचं काम बघते. आमच्या पिग्मी एजंटांचं मोबाइल ॲप आहे, संध्याकाळी ते कलेक्शन त्यात भरतात. चुकीचे पासवर्ड टाकून लॉगिन करायचे प्रयत्न फार व्हायला लागले म्हणून एका मुलाकडून स्क्रिप्ट लिहून घेतली, पाच मिनिटांत दहा वेळा पासवर्ड चुकला की तो आयपी नेटवर्क एसीएलमध्ये आपोआप ब्लॉक. आठवडाभर मस्त चाललं. मग एका संध्याकाळी निम्म्या एजंटांचं ॲप बंद, बार्शीचेपण आणि मंगळवेढ्याचेपण, आणि मजा म्हणजे बाहेरचे प्रयत्न परत सुरूच. स्क्रिप्टमध्ये बग आहे का?

उत्तर : ताई, स्क्रिप्टनं सांगितलं तेच केलं, बिचारीचा दोष नाही. मोबाइल कंपन्यांकडे प्रत्येक फोनला द्यायला वेगळा आयपीव्हीफोर पत्ता नसतो म्हणून त्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवतात, याला सीजीनॅट म्हणतात, २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा खास पट्टाच राखून ठेवला गेला. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि दाराला टपालपेटी एक, तसं समजा. तुमचा एखादा एजंट पासवर्ड विसरला, दहा वेळा ठोकत बसला आणि तुम्ही त्याला सोडून वाड्यालाच कुलूप घातलंत.

म्हणून मोबाइल ॲपसाठी आयपी ब्लॉक करणं हे माझ्या मते पहिलं हत्यार नाहीच. ब्लॉक अकाउंट करा, तेही थोड्या वेळासाठी, किंवा दर चुकीला पुढचा प्रयत्न उशिरा होऊ द्या. आयपी अडवायचाच असेल तर त्याला मुदत लावा, तासाभरानं स्क्रिप्टनंच तो काढला पाहिजे, लावणं लिहिलं आणि काढणं लिहिलंच नाही असली स्क्रिप्ट मी प्रॉडक्शनमध्ये जाऊच देणार नाही. शाखांचे फिक्स आयपी असतील तर ते कधीच अडवू नये अशी यादी वेगळी ठेवा.

आता बाहेरचे प्रयत्न परत का सुरू झाले? मला वाटतं तुमचा एसीएल भरला असणार. एका एसीएलला एका दिशेनं डिफॉल्ट २० रूल बसतात, मागून ४० पर्यंत वाढवून मिळतात, बास. स्क्रिप्ट कधीच काही काढत नाही म्हटल्यावर जागा संपली, त्यानंतर प्रत्येक नव्या आयपीला एरर येत असणार आणि ती एरर स्क्रिप्टनं गिळली असणार. त्या मुलाला विचारा, एरर आली की पुढं चल असं लिहिलंय का, लिहिलेलं असणारच. रूलचे नंबरपण बघून घ्या, एसीएल लहान नंबरापासून वाचतो आणि पहिला जुळला की थांबतो, सगळ्यांना अलाऊ १०० वर असेल आणि डिनाय २०० वर टाकत असाल तर ते डिनाय कुणी वाचतच नाही.

आणि सर्व्हरच्या पुढं ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (येणारी गर्दी सर्व्हरांत वाटणारा) असेल तर एसीएलचा नाद सोडाच, सर्व्हरच्या सबनेटला समोरून येणारा पत्ता लोड बॅलन्सरचा दिसतो. तिथं डब्ल्यूएएफ (वेबसाठीची फायरवॉल) वापरा, त्याच्या एका आयपी सेटमध्ये १०,००० पत्ते बसतात.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरला आहे. प्रोजेक्टचा कोड गिटहबवर पब्लिक टाकला, त्यात एडब्ल्यूएसची की (अकाउंटमध्ये शिरायची डिजिटल किल्ली) राहिली. मी आधीच ऑटोमेशन केलं होतं, की लीक झाल्याचं कळलं की लॅम्डा ती की बंद करणार, आणि त्यानं केलीपण. तरी अकाउंटमध्ये कुणीतरी फिरतंय, क्लाउडट्रेलमध्ये (कुणी काय केलं त्याची नोंदवही) दिसतंय. की बंद असून कसं काय?

उत्तर : काय बे, कोडमध्ये की? असो, घरचं सगळं ऐकलं असशीलच.

गड्ड्याच्या जत्रेत एका पाळण्यावाल्यानं पास वाटायला माणूस ठेवला आणि त्यानं गडबड केली म्हणून त्याला हाकलला, तरी त्यानं आधी वाटलेले पास लोकांच्या खिशात आहेतच ना, ते घेऊन लोक येणारच. तुझी की म्हणजे तो माणूस. त्या कीनं चोरानं आधीच एसटीएसकडून (तात्पुरते पास देणारी एडब्ल्यूएसची सेवा) तात्पुरते क्रेडेन्शियल काढले असतील तर की बंद केल्यानं ते मरत नाहीत, सेशन टोकन ३६ तासांपर्यंतचं काढता येतं. म्हणून लॅम्डानं की बंद करण्याबरोबर त्या युजरला सगळ्याला डिनाय अशी पॉलिसीपण चिकटवायला हवी, परवानगी दर कॉलला तपासली जाते त्यामुळे युजरच्या टोकनवाले सगळे पास एका झटक्यात फुकट जातात. चोरानं एखादा रोल घेतला असेल तर त्या रोलवर जाऊन रिव्होक ॲक्टिव्ह सेशन्स कर, ते तू बटण दाबलेल्या वेळेआधी निघालेली सगळी सेशन्स नाकारतं. क्लाउडट्रेलमध्ये त्या कीच्या नावावर अझ्यूम रोल (रोल घेणं) आणि क्रिएट युजर (नवा युजर करणं) हे दोन शब्द आधी शोध, नवीन युजर करून ठेवला असेल तर तुझं लॅम्डा त्याला ओळखतसुद्धा नाही.

आणि फक्त मुंबई रीजन उघडून बघितलं असशील तर आत्ता लगेच बाकीचे सगळे एकेक करून उघड. गार्डड्यूटी, इव्हेंटब्रिजचे रूल, सगळं रीजननुसार वेगळं असतं, तू चालू केलंस मुंबईत आणि हे लोक मशीनी उभ्या करतात तू कधी पाऊल न टाकलेल्या रीजनमध्ये. बिलाचं पान पण उघड आणि त्यात रीजनप्रमाणे खर्च बघ, ओहायोत तुझं काही काम नसताना तिथं आकडा दिसला तर सपोर्टला केस आज रात्रीच टाक, सबमिशननंतर नाही.