स्वसंरक्षणासाठी कराटे, ज्युडो की बॉक्सिंग शिकावं?

नावापेक्षा क्लासमध्ये काय चालतं ते बघा. समोरचा खरोखर विरोध करतोय असा सराव, म्हणजे स्पारिंग, नियमित होतं का? नुसते हवेतले ठोसे आणि काता (कराटेतल्या ठरलेल्या हालचाली एकट्यानेच करणं) असतील तर प्रत्यक्ष झटापटीत हात चालत नाही.

सुरुवात बॉक्सिंगने करा: हनुवटी खाली, हात गालाशी, सरळ मागे न जाता तिरकं सरकणं. पण कोणी कवेत धरून पाडलं की बॉक्सर अडकतो, म्हणून पुढे ज्युडो. त्यात आधी पडायलाच शिकवतात: हनुवटी छातीशी, तळहात जमिनीवर आपटायचा. पाय घसरला तरी हेच कामाला येतं! मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने हिसडा द्या, पकड तिथेच कच्ची असते.

चाकू हिसकावण्याचे डाव पहिल्याच महिन्यात शिकवणारा क्लास टाळा. चाकू दिसला तर पाकीट टाकून पळायचं.