रोज तेच तेच शब्द कशाला?

प्रश्न: आमच्या शेजारचे बेने इस्राएल (म्हणजे कोकणातले ज्यू) आजोबा रोज तीन वेळा तेच पुस्तक उघडून हिब्रूत पुटपुटतात. अर्थ कळतो का विचारलं तर हसून म्हणाले, थोडा थोडा. परवा त्यांचा नातू इस्राएलहून आलेला, तो म्हणे हसिदी लोकांत प्रार्थना म्हणजे मागणं नव्हेच. मग रोज तेच बोलून काय मिळतं?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर: आधी एक सांगतो, आजोबा काही हसिदी नव्हेत. हसिदी हा ज्यूंमधला पंथ १८व्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव यांच्यापासून सुरू झाला (ते १७६० मध्ये गेले), आपले शनवार तेली, म्हणजे हेच बेने इस्राएल, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे शेमा ही 'देव एकच' सांगणारी प्रार्थना म्हणतायत. पण सकाळ, दुपार, रात्र अशा तीन प्रार्थना दोघांकडेही आहेत.

नातवाचं अर्धंच खरं. उभं राहून म्हणायच्या अमिदा या प्रार्थनेत आरोग्य, पोटापाणी, पाऊस सगळं मागतात, आणि पाऊस तर ऐन डिसेंबरात मागतात, आपल्याकडे तेव्हा खरंच पडला तर आंब्याचा मोहोर गेला म्हणून समजा! हसिदी म्हणतात मागा ना, पण मागणं हे निमित्त, खरी गोष्ट देवेकुत, म्हणजे देवाला चिकटून राहणं.

आता तेच तेच शब्द का, तर हिब्रूत तेवा म्हणजे महापुरातून वाचलेल्या नोहाचं तारू आणि तेवा म्हणजे शब्दसुद्धा. देव नोहाला म्हणाला तेवात ये, त्यावर बाल शेम तोव म्हणत की प्रार्थनेच्या शब्दात आख्खा शिर. तुम्ही खाडीकाठचे, तुम्हाला वेगळं सांगायला नको, एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर ठेवला की काय होतं ते. होडी रोज तीच असते हो, आज आपण नीट चढलो की नाही एवढंच बघायचं.

प्रार्थना करताना आजोबा डोलतात त्याला पोरं हसत असतील तर त्यावरही हसिदींकडे उत्तर आहे: बुडणारा माणूस हातपाय मारतो तेव्हा काठावरचे हसतात का?

आणि अर्थाचं म्हणाल तर ब्रेस्लोवचे रब्बी (धर्मगुरू) नाखमान, हेही हसिदीच, सांगायचे, पुस्तकातलं म्हणाच, शिवाय रोज थोडा वेळ एकटं बसून आपल्या घरच्या बोलीतही देवाशी बोला. त्यांच्या लोकांची बोली यिद्दिश, आजोबांची मराठी. ते बोलतात का तसं? विचारा एकदा, आणि तो 'थोडा थोडा' म्हणजे नेमका कुठला अर्थ कळतो तेही विचारा, मला कळवा.