वर्क फ्रॉम होममुळे शहरातले छोटे धंदे खरंच बसले का?

तुम्ही विचारलंय की लोक घरून काम करायला लागल्यावर शहरातले धंदे बुडाले, की पैसा नुसता इकडचा तिकडे गेला. अर्थशास्त्र मला कळत नाही. पुण्याजवळच्या आयटी पार्कात, हिंजवडी फेज १ ला आमची खानावळ आहे, गल्ल्यावर बसून जे दिसलं ते सांगतो.

मार्च २०२० चं सोडा, तेव्हा सगळेच झोपले. मुंबईच्या डबेवाल्यांचं तर लोकलवरच पोट, कितीतरी जण मावळ-जुन्नरकडे शेतीवर गेले. आमच्याकडे जेवणारी आयटीतली पोरं लातूर, जळगाव, सांगलीला आपापल्या घरी गेली आणि आईच्या हातचं जेवायला लागली. म्हणजे आमच्या थाळीचे पैसे काही लातूरच्या खानावळीला मिळाले नाहीत, ते खर्चच झाले नाहीत. इस्त्रीवाल्याचंही तेच. कॅमेरा बंद ठेवून मीटिंग करणारा शर्टाला इस्त्री कशाला करेल? शेजारच्या माण-मारुंजीकडे कर्ज काढून पीजी बांधलेल्यांच्या खोल्या रिकाम्या, हप्ते मात्र चालू.

पण खरा त्रास पुढचा. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिसला बोलावलं, तेव्हा मी पेढे वाटायचाच बाकी होतो. बाकी बऱ्याच कंपन्यांत मात्र आठवड्याचे दोन-तीन दिवसच. मंगळवार ते गुरुवार दारात रांग, शुक्रवारी शुकशुकाट. पूर्वी रोज १४० ताटं, फार तर दहा इकडे-तिकडे. आता सकाळी सातला कणीक भिजवताना ६० धरायची की ११०, हेच कळत नाही. गिऱ्हाईक कमी झालं तर माणूस खर्च कमी करतो हो, पण अंदाजच येत नसेल तर काय करणार? भाडं आणि आचाऱ्याचा पगार काही मंगळवार-शुक्रवार बघत नाहीत. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी आम्हीच खातो.

पोळ्या लाटणाऱ्या मावशी पोळीमागे पैसे घेतात, म्हणजे शुक्रवारी त्यांचीही मजुरी निम्मी. त्यातल्या एक वाकडच्या सोसायटीत स्वयंपाकाला लागल्या. साहेब-मॅडम दोघं घरी, दुपारी गरम पोळी हवी. आता तीन घरं धरलीत, इथल्यापेक्षा बरं मिळतं म्हणतात. हा पैसा मात्र खरंच सरकला! मला दुसरी बाई अजून मिळाली नाही.

३० कुपनांचं पुस्तक पूर्वी महिन्यात संपायचं. आता जुलैत पोरं विचारतात, "काका, एप्रिलचं कुपन चालेल का?" चालेल म्हणतो, दोन कुपनांसाठी गिऱ्हाईक कोण तोडतं?

त्यांच्यावर राग नाही. त्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-दोन तास घालवायचे म्हणजे मीही घरीच बसलो असतो. हल्ली रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकतो, उद्या कोण कोण येणार म्हणून. गेल्या आठवड्यात ६४ जणांनी "येणार" दाबलं. सकाळी पाऊस लागला, आले २२.