रात्रीची भीती वाटते म्हणालीस, त्यावर

काल प्रार्थनेनंतर तू हळूच विचारलंस, "मावशी, रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, हा सैतानाचा हल्ला का?" बाय, आधी म्हापशाला डॉक्टरला दाखव. अर्धवट झोपेतही असं होतं, आणि डॉक्टरकडे गेल्यानं विश्वास उणा होत नाही.

सैतान आहे, हे आपण मानतो. पण त्याची रोजची वाट म्हणजे मोह, खोटं आणि निराशा. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात (4:7) आधी देवाच्या अधीन व्हा म्हटलंय, मग सैतानाला अडवा. लोक पहिलं गाळतात आणि नुसते ओरडत बसतात. रानात सैतानानं येशूला तीनदा मोह घातला, तेव्हा येशूनं तिन्ही वेळा शास्त्रवचनानंच उत्तर दिलं. तूही एक वचन पाठ कर. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून उशाखाली ठेवायची. घामानं शाई पसरली, पण ओळ तोंडात बसली.

"बाधा उतरवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस. आपल्या कॅथलिक चर्चमध्ये भूतबाधेवरचा विधी बिशपच्या परवानगीशिवाय कुठलाच फादर करू शकत नाही. कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, मात्र जा. आणि जावेशी धरलेला अबोला सोड. रागावर सूर्य मावळू देऊ नका, सैतानाला वाव देऊ नका, असं प्रेषित पौलानं बायबलातल्या इफिसकरांच्या पत्रात एका दमात लिहिलंय. शनिवारी ये, मिळून रोझरी, मरियेची जपमाळ, म्हणू.