काडतुसाला तेल लावावे का?

नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांमध्ये .२२ टार्गेट पिस्तूल अडण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत आणि बहुतेकांचा रोख एकाच उपायाकडे आहे : काडतुसाला तेल. म्हणून हा पूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न : वरळीच्या रेंजवर मी .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाने २५ मीटरचा सराव करतो. सुरुवातीला सगळे ठीक चालते. पन्नासेक राऊंड झाले की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण पुढे येत नाही, दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबते. जुने नेमबाज सांगतात, मॅगझिनमधल्या वरच्या काडतुसावर तेलाचा थेंब सोड. तसे करावे का? पिस्तूल बिघडणार तर नाही?
— एक नेमबाज, दादर

उत्तर : तेलाने पिस्तूल बिघडत नाही आणि .२२ च्या बाबतीत हा उपाय जुना व रास्त आहे. पण तुमच्या लक्षणावर पहिला इलाज ब्रशचा आहे, तेलाचा नंतर.

.२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची घडण समजून घ्या. गोळीचा बाहेर दिसणारा भाग आणि पुंगळी, म्हणजे दारू भरलेले पितळी कवच, यांचा व्यास जवळजवळ सारखाच असतो. गोळीची फक्त मागची बारीक टाच पुंगळीत बसवून कड दाबलेली असते. त्यामुळे गोळीचे वंगण, म्हणजे मेण किंवा चरबी घातलेले ग्रीस, उघड्यावर, तिच्या अंगावरच राहते. प्रत्येक राऊंडला त्यातले थोडे चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, पुढच्या टोकाशी, रायफलिंग (नळीतल्या वळणदार खाचा) सुरू होते तिथे, मागे उरते. त्यात काजळी आणि शिशाचे कण मिसळून घट्ट कडे तयार होते. पुढचे काडतूस त्या कड्याला टेकून थांबते. तुमचे पन्नास राऊंडनंतर अडणे हे त्याचेच चिन्ह आहे.

आता ताकदीचा हिशेब पाहा. ही पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात. स्लाइडला किंवा बोल्टला कुलूप नसते. तिचे स्वतःचे वजन आणि रिकॉइल स्प्रिंग एवढेच तिला रोखतात. टार्गेटची काडतुसे आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात : ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटर, तोही बहुधा रायफलच्या लांब नळीतून मोजलेला. पिस्तुलाच्या आखूड नळीत तो आणखी कमी. या मोजक्या ताकदीत पुंगळी चेंबरमधून निघायची, बाहेर फेकली जायची, हॅमर चढायचा आणि परतीच्या वाटेवर स्प्रिंगने नवे काडतूस मॅगझिनच्या ओठांतून सोडवून, रॅम्पवरून (चेंबरकडे नेणारा उतार) चढवून आत बसवायचे. यात कुठेही घर्षण थोडे वाढले की साखळी तुटते. कोरडे शिसे पोलादी रॅम्पवर चांगलेच घासते. तेलाची पातळ फिल्म मॅगझिनचे ओठ, रॅम्प आणि चेंबर या तिन्ही जागी काम सोपे करते आणि चेंबरमधला मळ मऊ ठेवते. फायदा खरा आहे तो एवढाच.

आधी चेंबर साफ करा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करा. .२२ चा ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये किंचित ओला करून चेंबरमध्ये घाला आणि पुढच्या टोकाशी आठ-दहा वेळा एकाच दिशेने फिरवा. पाच मिनिटे थांबा, पुन्हा फिरवा, मग कोरडी चिंधी निघेपर्यंत पुसा. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणारी आकडी) नखाखाली काळी लगदी साचते. ती लाकडी टूथपिकने काढा. ब्रीचच्या तोंडावर, काडतुसाची कडा टेकते तिथे, थर राहू देऊ नका.

यानंतर वीस राऊंड कोरडे मारा, मग वीस तेल लावून. अडले तर मॅगझिनमधले कितवे काडतूस अडले ते वहीत लिहा. मॅगझिनवर नंबर घाला. नेहमी एकाच मॅगझिनमध्ये अडत असेल तर दोष त्याच्या ओठांत किंवा स्प्रिंगमध्ये आहे. शेवटचे काडतूस वर यायला उशीर करत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्या कडेच्या पुढेच असली पाहिजे. ती मागे गेली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात, मग कितीही तेल घातले तरी काडतूस हलत नाही. रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, मनगटाची ढिलाई, झिजलेला बफर (स्लाइडचा धक्का झेलणारा तुकडा) किंवा त्या पिस्तुलासाठी फार कमजोर काडतूस, या क्रमाने शोधा.

एवढे तपासूनही स्लाइड आळसावत असेल तर तेल लावा. पाच काडतुसांच्या मॅगझिनला एक थेंब पुरतो. तो वरच्या गोळीच्या टोकावर सोडून बोटाने पसरवा. वरचे काडतूस आत जाताना रॅम्प आणि चेंबर ओले करून जाते, मागच्यांना तेवढे पुष्कळ होते. जास्त शिस्तीने करायचे असेल तर शाई न लावलेले नवे स्टॅम्प पॅड घ्या, त्यावर दहा थेंब टाका, तासभर मुरू द्या. मग काडतुसांचा ब्लॉक उलटा धरून गोळ्यांची टोके फक्त टेकवा. पन्नास काडतुसांना एवढे तेल पुरते. तेल गोळीवर आणि पुंगळीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच असावे. मागच्या कडेला, जिथे फायरिंग पिन आपटते, तिथे नको.

जास्त झाले तर लगेच कळते : चष्म्याच्या काचेवर बारीक तुषार येतात. तसे दिसले की प्रमाण निम्मे करा. नेमबाजीचा चष्मा न घालता तेल लावलेली काडतुसे मारूच नयेत.

प्रश्न : कोणते तेल वापरावे? घरात शिलाई मशीनचे तेल आहे, खोबरेल आहे, गंज सोडवणारा स्प्रे आहे.
— वाचक, ठाणे

उत्तर : शिलाई मशीनचे तेल चालेल. ते पातळ खनिज तेल असते, चिकट होत नाही. हलके गन ऑइल त्याहून चांगले, कारण त्यात गंजरोधक घटक असतात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत त्यांचा उपयोग होतो.

खोबरेल अजिबात नको. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते. हिवाळ्यात बाटलीत घट्ट झालेले आपण सगळेच पाहतो. शिवाय उष्णतेने त्याचा चिकट थर बसतो. गंज सोडवणारा स्प्रे हा सर्वांत घातक. फटीत शिरणे हाच त्याचा गुण आहे. .२२ मध्ये गोळी आणि पुंगळी यांच्या सांध्याला नुसती दाबलेली कड असते. तिथून असा द्रव आत गेला तर दारू आणि कडेच्या पोकळीतला पेटवण मसाला निकामी होतो. ग्रीसही टाळा, त्याने मॅगझिन तुंबते.

साधे तेलसुद्धा रात्रभर काडतुसावर ठेवू नये. जी काडतुसे त्याच तासात मारायची आहेत त्यांनाच लावा. उरलेली कोरड्या फडक्याने पुसून वेगळ्या डबीत ठेवा आणि पुढच्या सरावात सर्वांत आधी संपवा. परवान्यावर मोजून मिळणारी काडतुसे अशी वाया घालवणे कुणालाच परवडत नाही.

प्रश्न : माझी मुलगी २५ मीटर पिस्तूल खेळते. मुंबईत तिचे पिस्तूल सुरळीत चालते, पण जानेवारीत दिल्लीला सकाळच्या फेरीत सारखे अडत होते. काडतुसे तीच होती. असे का व्हावे?
— एक आई, विलेपार्ले

उत्तर : थंडीमुळे तीन गोष्टी एकत्र घडतात. गोळीवरचे मेण कडक होते आणि कोरड्यासारखे घासते. स्लाइडच्या खाचांमधले ग्रीस घट्ट होते. दारूही थंडीत किंचित मवाळ जळते, म्हणून स्लाइडला मिळणारा धक्का कमी पडतो. मुंबईत जे पिस्तूल जेमतेम पास होते ते तिथे नापास होते.

दिल्लीला निघण्याआधी मुलीच्या पिस्तुलाच्या खाचांतले ग्रीस काढून पातळ तेल लावा. रेंजवर काडतुसांची पेटी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवू द्या, हीटरजवळ किंवा उन्हात मात्र नाही. तेलाचा थेंब सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो अशा सकाळी. पण स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहू नका. तिने ते मुंबईतच सरावात करून हाताखालून घातलेले असावे.

मुंबईचा त्रास नेमका उलट आहे. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत पेटी राहिली तर वंगण मऊ होऊन ओघळते, गोळ्यांची टोके कोरडी पडतात आणि तळाशी चिकटा साचतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत पेटी उघडली की थंड पितळेवर दव धरते. पेटी बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वरचेवर बदला. पुंगळीवर हिरवट डाग पडलेली काडतुसे स्पर्धेसाठी वेगळी काढून टाका. त्यांचा खरखरीतपणा तेलाने झाकला जातो, जात नाही.

प्रश्न : तेलाने ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) बिघडतो का?
— महाविद्यालयीन नेमबाज, डोंबिवली

उत्तर : पहिल्या काही गोळ्या सरकू शकतात, कारण नळीत कारखान्याच्या वंगणाचा जो समतोल बसलेला असतो तो बदलतो. पाच-दहा राऊंडनंतर नवा समतोल बसतो. त्रास होतो तो मधेच लावले, मधेच सोडले तर. एक काहीतरी ठरवा आणि साइटरपासून (गुण न धरता आधी मारायच्या गोळ्या) शेवटपर्यंत तसेच ठेवा. रॅपिडच्या, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्याच्या, लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते, तिथे हा फरक नगण्य. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्याच्या, लक्ष्यावर ते ५० मिलिमीटरचे आहे. तिथे शॉटला वेळही भरपूर असतो, म्हणून पिस्तूल कोरडे नीट चालत असेल तर प्रिसिजन कोरडेच खेळा.

प्रश्न : हीच युक्ती .३२ सेंटर फायर (पिन कडेऐवजी मध्यभागी आपटते त्या) पिस्तुलात करावी का?
— वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. .३२ वॉडकटरमध्ये, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीच्या काडतुसात, पूर्ण गोळी पुंगळीच्या आत असते आणि तिचे वंगणही आतच, खाचांमध्ये. बाहेर तेल लावून गोळीला काही मिळत नाही. उलट दाब चढला की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते. ती पकड तेलाने सुटते आणि मागे ब्रीचवर पडणारा जोर वाढतो. यंत्रकारांना हे जुने ठाऊक आहे : ऑस्ट्रियाच्या १९०७ च्या श्वार्झलोजे मशीनगनमध्ये काडतुसांना तेल देणारा पंपच बसवला होता, कारण तिची रचना त्या सुटलेल्या पकडीवर बेतलेली होती. तुमच्या पिस्तुलाची तशी नाही.

प्रश्न : तेल लावायला लागल्यापासून दोन-तीन राऊंड फुटलेच नाहीत. कडेवर पिनची खूण आहे. तेल आत गेले असेल का? आणि स्पर्धेत असे झाले तर स्लाइड ओढून मोकळे करावे का?
— नेमबाज, मुलुंड

उत्तर : सरावात काडतूस फुटले नाही तर पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून ३० सेकंद थांबा, मगच ते बाहेर काढा. खूण खोल आहे की उथळ ते पाहा. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या वाटेत तेल आणि काजळीची लगदी झाली आहे. ही वाट साफ करून कोरडी ठेवायची असते, तेलाची सवय लागलेले नेमबाज नेमके इथेच चुकतात. खूण खोल असेल तर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा मारून पाहा. दुसऱ्या वेळी फुटले, तर एक तर पहिल्या वेळी ते पूर्ण बसलेले नव्हते आणि पिनचा जोर त्याला पुढे ढकलण्यात गेला, नाहीतर कडेच्या त्या भागात मसाला कमी होता. तरीही नाही फुटले आणि ते तेल लावून रात्रभर ठेवलेल्यांपैकी असेल, तर तुमची शंका बरोबर आहे. ते रेंजच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाका. आवाज दबका आला आणि लक्ष्यावर छिद्र नसेल तर लगेच थांबा. गोळी नळीत असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते.

स्पर्धेत स्लाइडला हातही लावू नका. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने, पकड न सोडता धरा आणि मोकळा हात वर करा. पुढचे रेंज ऑफिसर पाहतील. कारण दिसत नसेल तर ट्रिगर ओढून तेच तपासतात. तुम्ही आधी यंत्रणेला हात घातलात तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही. २५ मीटर पिस्तूल आणि रॅपिड फायरमध्ये प्रत्येक ३० शॉटच्या टप्प्यात बिघाडाचा दावा एकदाच करता येतो, तेव्हा तो लगदी झालेल्या पिनवर खर्च होऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळीच ती वाट पुसून ठेवा.