वाचक विचारतात: छोट्या शाळेनं विभागीयला पोचायचं कसं?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलवर जरा लिहिलं काय, इतके प्रश्न आलेत की नेहमीचं क्रिकेटचं पान यावेळी बाजूलाच ठेवलं. बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडून. काही प्रश्न एकसारखेच होते म्हणून सहा निवडलेत, भाषा फारशी बदललेली नाही.

"तिकडं सेक्शनल, मग रिजनल, मग स्टेट अशा मॅचेस होतात असं तुम्ही लिहिलात. हे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखंच झालं की ओ. पण ही पद्धत काढली कुणी?" – निवृत्त शिक्षक, शहापूर

गुरुजी, बसून विचार करून अशी कुणी काढली नाही, गर्दी आवरेना म्हणून निघाली. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नाइस्मिथनं थंडीच्या दिवसात पोरांना आत खेळता यावं म्हणून पीच फळांच्या टोपल्या गॅलरीला ठोकून हा खेळ सुरू केला. पुढच्या दहा-पंधरा वर्षात तो हायस्कुलात शिरला. १९०५ ला विस्कॉन्सिनमधल्या लॉरेन्स कॉलेजनं हायस्कूलच्या टीम बोलावून स्पर्धा घेतली, ती पहिली राज्यस्पर्धा समजतात. इलिनॉयची १९०८ ला सुरू झाली, इंडियानाची १९११ ला. इंडियानात पहिल्या वर्षी मोजक्याच टीम होत्या, क्रॉफर्ड्सव्हिल जिंकली. आणि तीनच वर्षात सत्तरच्या वर टीम एकाच गावात, एकाच शनिवार-रविवारच्या आसपास! कोण कुठं झोपणार, कोण कधी खेळणार, नुसता गोंधळ. मग १९१५ पासून आधी आपापल्या भागात सेक्शनल खेळून या म्हणाले, १९२१ पासून त्याच्यावर रिजनल आलं आणि १९३६ ला सेमीस्टेट म्हणून आणखी एक पायरी. यातल्या सगळ्या पायऱ्यांवर नियम एकच, हरला की घरी.

"आमचं हायस्कूल खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या बाजूला. आठवी ते दहावी मिळून दीडशेच्या आसपास मुलं. पोरं जीव तोडून खेळतात, तालुक्याला जिंकतात, पण जिल्ह्याला गेलं की समोर बेळगावातल्या हजार-दीड हजार पोरांच्या शाळा, त्यांना वेगळा कोच, पायात शूज. आमचं पहिल्याच मॅचला पॅकअप. छोट्या शाळांचा गट वेगळा का करत नाहीत? अमेरिकेत करतात म्हणे." – पीटी शिक्षक, खानापूर तालुका

सर, करतात. आणि केल्यापासून त्यावर भांडतायत पण.

इंडियानात १९९७ पर्यंत एकच गट होता. शाळा केवढी का असेना, सगळ्यांना एकच स्पर्धा. १९५४ ला ७५१ शाळा उतरल्या, त्यात मिलान नावाच्या गावाची शाळा होती, सगळी मुलं-मुली धरून १६१, म्हणजे जवळपास तुमच्याएवढीच. कोच मार्विन वूड, वय सव्वीस. ही टीम सेक्शनल जिंकली, रिजनल जिंकली, सेमीस्टेटला इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेला ६५-५२ नं हरवलं, त्या ॲटक्सच्या टीममध्ये पुढं जगभर नाव झालेला ऑस्कर रॉबर्टसन होता, तेव्हा शाळकरी पोरगा. आणि फायनलला मन्सी सेंट्रल, मिलानच्या दहापट मोठी शाळा. बॉबी प्लम्पनं शेवटच्या क्षणी शॉट मारला, ३२-३०, संपलं. या गोष्टीवरून पुढं 'हूझियर्स' नावाचा पिक्चर निघाला तो तिकडं सगळ्यांना माहीत असतो, पण हीच टीम आदल्या वर्षी पण राज्याच्या शेवटच्या चारात गेली होती हे कुणी सांगत नाही. एका रात्रीत चमत्कार वगैरे काही नव्हतं, चांगला कोच होता आणि दोन-तीन वर्षं एकत्र खेळलेली तीच ती पोरं होती.

आता दुसरी बाजू. "सगळ्यांना एकच स्पर्धा" असं म्हणणाऱ्या त्याच राज्यात काळ्या मुलांच्या शाळांना आणि कॅथलिक शाळांना १९४२ पर्यंत या स्पर्धेत घेतच नव्हते! ॲटक्स ही काळ्या मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा, १९२७ ची. म्हणजे पंधरा वर्षं ती शाळा असून नसल्यासारखी. घरच्या मॅचेसना पुरेल असं जिम पण त्यांना नव्हतं, मॅचेस दुसऱ्यांच्या हॉलमध्ये खेळायचे. तीच ॲटक्स १९५५ ला राज्य जिंकली, १९५६ ला तर एकही मॅच न हरता जिंकली. आणि १९५५ ची विजयाची मिरवणूक शहराच्या मुख्य चौकात साजरी करू न देता काळ्या वस्तीतल्या पार्ककडं वळवली. त्यामुळं मिलानची गोष्ट सांगताना जुनं ते सोनं असं कुणी म्हणालं की मला ॲटक्स आठवतं.

१९९७-९८ पासून इंडियानात शाळेच्या पटसंख्येवर चार गट झाले. छोट्या शाळांना ट्रॉफ्या मिळायला लागल्या, खरं आहे. पण झालं काय, शेजारच्या गावची शाळा दुसऱ्या गटात गेली. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी सेक्शनलला खुन्नस होती ते समोर येईनातच, आणि आपल्याएवढ्या पटाच्या कुठल्या तरी लांबच्या शाळेशी खेळायला बस काढून जायची पाळी आली. गर्दी उतरली. नंदगड-खानापूर मॅच बघायला अख्खा बाजार गोळा होईल, पण नंदगडची मॅच सौंदत्तीकडच्या कुठल्या शाळेशी लावली तर पोरांचे आईबाप तरी येतील का, तुम्हीच सांगा.

मला विचाराल तर इंडियानाचं नको, केंटकीचं बघा. तिथं १९१८ पासून स्पर्धा आहे आणि आजही गट एकच. राज्यात १६ रिजन, प्रत्येक रिजनमध्ये चार डिस्ट्रिक्ट. आणि मेख इथं आहे, डिस्ट्रिक्टमधून जिंकलेली आणि हरलेली अशा फायनलच्या दोन्ही टीम रिजनलला जातात. म्हणजे रिजनलला आठ टीम. तिथून मात्र एकच वर जाते आणि सोळा रिजनच्या सोळा टीम लेक्सिंग्टनला राज्याची स्पर्धा खेळतात. एका फायनलला वाईट दिवस आला तर तुमचं वर्ष फुकट जात नाही, आणि शेजाऱ्याशी मॅच पण राहते.

याच केंटकीत १९२८ ला कार क्रीक नावाची डोंगरातली शाळा फायनलला पोचली होती. जिम नाही, प्रॅक्टिस बाहेर मातीत, टीममध्ये मोजून आठ पोरं. ॲशलंडशी फायनल, चार वेळा एक्स्ट्रा टाइम, शेवटी १३-११ नं हरले. १३-११! आज आपल्याकडं पहिल्या क्वार्टरला एवढे पॉइंट होतात.

आपल्याकडं आत्ता तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे, जिल्ह्यात पण बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे वेगळे. त्यातनं पुढं गेलं की बेळगाव विभाग, म्हणजे धारवाड, गदग, हावेरी, कारवार, शिरसी, बागलकोट, विजयपूर सगळे. तुमच्यासारख्या शाळेला वेगळा गट मागण्यापेक्षा तालुक्यातून दोन टीम जिल्ह्याला घ्या असं मागा सर. जिल्ह्याला एक दिवस जादा लागेल, एवढंच. आणि ही स्पर्धा भर पावसाळ्यात घेऊ नका हे पण लिहा त्या अर्जात. खानापूरच्या पावसात सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरलेलं असतं, मॅचच्या आधी पोरं पोती टाकून पाणी टिपत बसतात आणि तरी पहिल्याच ले-अपला, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळ उडी मारून बॉल टाकताना, कुणीतरी घसरून गुडघा फोडून घेतं. तिथं मोठी शाळा काय आणि छोटी काय.

"मी बाचीचा, माझा मामेभाऊ शिनोळीचा. मध्ये रस्ता तेवढाच. दोघं पण शाळेच्या टीममध्ये खेळायलोय. पण तो चंदगड तालुका, मग कोल्हापूर जिल्हा असा जाणार आणि मी बेळगावातून. आमची मॅच कधीच लागणार नाही काय?" – नववीतला विद्यार्थी, बाची

शाळेच्या सरकारी स्पर्धेत नाही लागणार बाळ. राज्यं वेगळी, शिड्या वेगळ्या. तुम्ही दोघांनी आपापली राज्याची टीम गाठली तर राष्ट्रीय शालेय स्पर्धेत लागेल, कारण तिथं शाळा नाही, राज्यांच्या टीम खेळतात. तेवढं खेळा मग.

पण तुम्ही दोघंच असे नाही. अमेरिकेत टेक्सारकाना नावाचं गाव आहे, अर्धं टेक्सासमध्ये, अर्धं आर्कान्सामध्ये. पोस्ट ऑफिसची इमारत तर बरोब्बर सीमेवर उभी आहे. एका बाजूला टेक्सास हाय नावाची शाळा, दुसऱ्या बाजूला आर्कान्सा हाय. एकाच गावची पोरं, एकाच बाजारात फिरणारी, पण दोन राज्यांच्या दोन संघटना, म्हणून राज्यस्पर्धेच्या बाद फेऱ्यांत समोरासमोर येणं नाहीच. मग ते काय करतात, आपल्या आपण मॅच ठरवतात. त्यांची फुटबॉलची जुनी खुन्नस तर अख्खं गाव बघतं. तुमच्या दोन्ही हेडमास्तरांना सांगून दिवाळीच्या सुट्टीत एक मॅच लावा की, रेफ्री तिसऱ्या गावचा आणा म्हणजे भांडण नको. सीमाप्रश्न सुटायची वाट बघत बसलात तर दहावी संपेल!

"दादा, मुलींच्या मॅचेसबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. तिकडं मुली नव्हत्याच काय?" – दहावीतली मुलगी, टिळकवाडी

होत्या, आणि मी लिहायला पाहिजे होतं. आयोवा राज्यात मुलींची राज्यस्पर्धा १९२० पासूनच होती. १९२५ च्या सुमाराला मोठ्या शहरांतल्या शाळांच्या लोकांना मुलींनी असं स्पर्धेत खेळणं बरं नाही असं वाटायला लागलं, पण खेड्यातल्या शाळांनी ऐकलं नाही, त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटनाच काढली आणि स्पर्धा चालू ठेवली. नियम मात्र वेगळे, एका टीममध्ये सहा मुली, तिघी फक्त बास्केट करायच्या, तिघी फक्त अडवायच्या, मधली रेघ ओलांडायची नाही आणि ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटणं, दोनदाच. मुलींना जास्त पळवू नये हा त्यामागचा विचार. पण पॉइंट बघ. १९६८ च्या फायनलला युनियन-व्हिटननं एव्हर्लीला ११३-१०७ नं हरवलं, त्यात डेनिस लाँगचे ६४ आणि हरलेल्या टीमच्या जीनेट ओल्सनचे ७६. एकटीचे!

बाकी राज्यांत मुलींना फार उशीर झाला. १९७२ ला टायटल नाइन कायदा आला, शाळेत मुलींना पण खेळाची सारखी संधी द्या म्हणून, त्यानंतर गाडी हलली. ज्या इंडियानाचं एवढं कौतुक चालतं तिथं मुलींची राज्यस्पर्धा १९७६ ला सुरू झाली, मुलग्यांच्या पासष्ट वर्षांनी. सहा जणींचा खेळ आयोवात १९९३ पर्यंत टिकला. तुमच्या शाळेत मुलींची टीम नसेल तर पाच जणी नाही, आठ-दहा जणी गोळा करून पीटी सरांकडं जा. पाच जणी गेलात तर "एक आजारी पडली तर काय" म्हणून परत पाठवतील, हे मी बघितलंय.

"आम्ही दोन पॉइंटनी पुढं होतो, शेवटची तीन मिनिटं होती. कोच म्हणाले बॉल धरून ठेवा. रेफ्रीनं बॉल काढून समोरच्यांना दिला आणि आम्ही हरलो. बॉल धरून ठेवणं चुकीचं आहे काय?" – विद्यार्थी, निपाणी

रेफ्री बरोबर होता. आपल्याकडं फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे नियम चालतात, २४ सेकंदात शॉट मारायलाच लागतो. टेबलवर घड्याळ नसलं तरी नियम असतोच, बऱ्याच ठिकाणी कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसलेलं असतं आणि तोंडानं ओरडून सांगतं.

अमेरिकन हायस्कूलमध्ये मात्र बहुतेक राज्यांत असं शॉटचं घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, नव्हतंच. वर मिलानची फायनल सांगितली ना, त्यात शेवटच्या क्वार्टरला बॉबी प्लम्प बॉल हातात घेऊन ४ मिनिटं १३ सेकंद नुसता उभा होता. आणि गंमत म्हणजे त्यावेळी त्याची टीम मागं होती! छोट्या टीमचं ते हत्यारच, मॅच जेवढी लहान करता येईल तेवढी करायची. आता २०२२-२३ पासून तिथल्या राष्ट्रीय संघटनेनं ज्या राज्यांना पाहिजे त्यांना ३५ सेकंदाचं घड्याळ लावायची मुभा दिलीय, सक्ती नाही.

"अमेरिकेत राज्यानंतर नॅशनल का होत नाही?" – पालक, चिक्कोडी

व्हायची. शिकागो युनिव्हर्सिटीत १९१७ ते १९३० शाळांची राष्ट्रीय स्पर्धा चालली, वर सांगितलेली कार क्रीक आणि ॲशलंड दोघं पण १९२८ ला तिथं गेले होते आणि ॲशलंडनं ती जिंकली. पण एवढ्याशा पोरांना शाळा बुडवून एवढं लांब नेणं नको, असं म्हणून शिक्षणवाल्यांनी आणि राज्यांच्या संघटनांनी विरोध केला आणि ती बंद पडली. तेव्हापासून शाळेचा अधिकृत प्रवास राज्यालाच थांबतो.