चार साइट, एकच फुटर

आपल्या चार साइट आहेत आणि चारहींच्या फुटरमध्ये (पानाच्या तळाच्या पट्टीत) एकमेकींच्या लिंका एकाच जावास्क्रिप्ट फाइलमधून टाकल्यात, म्हणून त्या गूगलला दिसणार नाहीत असं समजू नका. तो काळ गेला. मे २०१९पासून गूगलबॉट (गूगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) ताज्या क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर, चालतो: आधी नुसतं एचटीएमएल वाचतो, मग पान रांगेत लावून स्क्रिप्टसकट उघडतो. तिथे तयार झालेली लिंक खऱ्या ए टॅगमध्ये (एचटीएमएलमधल्या लिंकच्या खुणेत) असेल आणि त्याच्या एचरेफमध्ये पत्ता असेल, तर ती साध्या लिंकसारखीच धरली जाते. बटणाला ऑनक्लिक (क्लिक केल्यावरच चालणारा कोड) लावून काम भागवलं असेल तर मात्र भरवसा नाही. बॉट क्लिक करत बसत नाही.

या लिंका व्ह्यू सोर्समध्ये (सर्व्हरने पाठवलेल्या मूळ कोडमध्ये) शोधू नका, तिथे त्या सापडणार नाहीत. सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठी गूगलनं दिलेल्या साधनाच्या) यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये लाइव्ह टेस्ट घ्या आणि तिथल्या एचटीएमएलमध्ये दुसऱ्या साइटचा पत्ता शोधा.

या लिंका गूगलला दिसू नयेत म्हणून काही जण ती जावास्क्रिप्ट फाइल रोबॉट्स डॉट टीएक्सटीने (बॉटनं काय वाचू नये हे सांगणाऱ्या फाइलने) मुद्दाम अडवतात. मला हा आडमार्ग पटत नाही. सरळ लिंकला नोफॉलो, म्हणजे ‘ही लिंक धरू नका’ अशी खूण, लावा (तोही आता आदेश नाही, नुसता इशारा मानला जातो).

आपल्याच चार साइट एकमेकींना जोडण्यात गैर काही नाही. लिंकवर साइटचं नावच लिहा, ‘स्वस्त फर्निचर पुणे’ नको. असलं काही दर पानावर दिसलं की लिंक स्पॅमचा (क्रमवारी वाढवायला पेरलेल्या लिंकांचा) वास येतो.

बिंगही (मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन) स्क्रिप्ट चालवतो, पण मोठ्या साइटच्या प्रत्येक पानावर चालवेलच असं नाही. म्हणून महत्त्वाची लिंक सर्व्हरकडूनच एचटीएमएलमध्ये येऊ द्या.